सेवेत असलेल्या लष्करी सामग्रीची विश्वासार्हता आणि देखभाल-सुलभता कशी वाढवावी

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या पाणबुड्यांकडे मार्क १४ नावाचा टॉर्पेडो होता. तो लक्ष्याच्या खालून निघून जातो, वेळेआधी फुटतो किंवा जहाजावर आदळूनही फुटत नाही, असे पाणबुड्यांचे कप्तान सुरुवातीच्या महिन्यांपासून कळवत होते. ज्या विभागाने तो टॉर्पेडो तयार केला होता त्याचे म्हणणे मात्र कप्तानांचा नेमच चुकतो असे होते. अखेर जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ पाण्यात जाळे बांधून त्यावर टॉर्पेडो सोडण्यात आले, आणि जाळ्याला पडलेल्या भोकांवरून तो नेमून दिलेल्या खोलीपेक्षा सुमारे ११ फूट खालून धावतो हे सिद्ध झाले. खोलीचा दोष काढल्यावर चुंबकीय स्फोट-यंत्रणेचा दोष स्पष्ट दिसू लागला. १९४३ मध्ये ती यंत्रणा बंद केल्यावर आघाताने चालणाऱ्या यंत्रणेचा दोष उघड झाला: लक्ष्यावर काटकोनात बसलेल्या, म्हणजे उत्तम नेमाच्या, आघातातच तिची पिन अडकून निकामी होत असे. एकाखाली एक दडलेले हे तीन दोष निस्तरायला जवळपास पावणेदोन वर्षे लागली.

सेवेत असलेल्या सामग्रीचे काम मूळ आराखड्याच्या कामाहून किती वेगळे असते, ते या प्रकरणात दिसते. सामग्री तयार झालेली असते, हजारोंच्या संख्येने वाटली गेलेली असते आणि रोज वापरात असते, त्यामुळे तिचा आराखडा नव्याने मांडण्याची मुभा फारशी नसते. उलट नव्या सामग्रीच्या आराखडाकाराला कधीच न मिळणारी एक गोष्ट येथे हाताशी असते, ती म्हणजे प्रत्यक्ष वापरातील बिघाडांची माहिती. पुढील सर्व पायऱ्या ही माहिती मिळवणे, तिच्यावर विश्वास ठेवणे आणि केलेला बदल तिच्याच आधारे तपासणे यांवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: बिघाड कशाला म्हणायचे आणि काय मोजायचे ते ठरवणे

काम सुरू करण्यापूर्वी बिघाडाची व्याख्या लेखी ठरवावी, कारण त्यावाचून दोन तुकड्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. बिघाडांचे निदान दोन वर्ग करावेत. ज्याच्यामुळे मोहीम अर्धवट सोडावी लागते किंवा हाती घेताच येत नाही तो पहिला वर्ग, आणि मोहीम पार पडते पण नंतर कोणाला तरी पाना हातात घ्यावा लागतो तो दुसरा. चिलखती वाहनाचा गिअरबॉक्स अडकणे पहिल्या वर्गात बसते, तर त्याच वाहनाच्या मागच्या दिव्याची तार तुटणे बहुधा दुसऱ्या वर्गात. दोन्ही वर्गांची बेरीज करून काढलेला एकच आकडा वरिष्ठांना सांगायला सोयीचा असतो, पण निर्णयाला निरुपयोगी ठरतो. पहिल्या वर्गावरून सैन्याने सामग्रीवर किती विसंबावे ते कळते, आणि दुसऱ्यावरून तिच्यामागे किती माणसे व किती सुटे भाग लागतील ते कळते.

मोजमापाचे एककही सामग्रीच्या झिजेशी जुळणारे हवे. इंजिनासाठी चालू तास, रणगाड्याच्या ट्रॅकसाठी, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यांसाठी, किलोमीटर, तोफेच्या नळीसाठी डागलेल्या फैरी, विमानाच्या उतरण-चाकांसाठी उतरण्याची संख्या आणि इलेक्ट्रॉनिक पेटीसाठी चालू तासांबरोबरच चालू-बंद करण्याची संख्या घ्यावी. सीलबंद कोठारात वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या क्षेपणास्त्राला मात्र यांतले काहीच लागू पडत नाही. रबरी सील कडक होणे, बॅटरी उतरणे, ओलावा शिरणे या गोष्टी कॅलेंडरच्या महिन्यांनीच मोजाव्या लागतात.

यानंतर उपलब्धतेचे, म्हणजे एकूण काळापैकी किती काळ सामग्री वापरायला तयार असते याचे, सोपे गणित मांडावे. दोन बिघाडांमधला सरासरी काळ घ्यावा, आणि त्याला तोच काळ, प्रत्यक्ष दुरुस्तीचा सरासरी काळ व सुटा भाग, माणूस किंवा वाहतूक यांची वाट पाहण्याचा सरासरी काळ या तिघांच्या बेरजेने भागावे. उदाहरणादाखल एखाद्या रडारचा दोन बिघाडांमधला काळ १०० तास, दुरुस्तीचा ४ तास आणि वाट पाहण्याचा ३६ तास असेल, तर उपलब्धता १०० भागिले १४०, म्हणजे सुमारे ७१ टक्के येते. दुरुस्तीचा वेळ निम्मा केला तर ती जेमतेम ७२ टक्क्यांवर जाते. वाट पाहण्याचा वेळ निम्मा केला तर ८२ टक्क्यांवर, आणि बिघाडांमधला काळ दुप्पट केला तर ८३ टक्क्यांवर. पैसा कोठे घालायचा याचा निम्मा निर्णय या चार ओळींच्या हिशेबातच होतो, आणि तरीही हा हिशेब न मांडता नव्या भागांच्या संशोधनाला हात घातला जातो. वाट पाहण्याचा वेळ कमी करायला अनेकदा कोठारातील साठ्याची फेररचना पुरते. बिघाडांमधला काळ दुप्पट करायला वर्षे लागू शकतात.

अर्थात उपलब्धतेचा आकडा समाधानकारक असला म्हणून विश्वासार्हता विसरता येत नाही. बिघाड यादृच्छिकपणे, म्हणजे वयाशी संबंध न ठेवता कोणत्याही क्षणी, होत असतील आणि दोन बिघाडांमधला काळ १०० तास असेल, तर २४ तासांची मोहीम मध्ये एकही बिघाड न होता पार पडण्याची शक्यता सुमारे ७९ टक्केच असते. जवळ कार्यशाळा नसलेल्या तुकडीला उपलब्धतेपेक्षा हाच आकडा अधिक बोचतो.

दुसरी पायरी: नोंद सुधारणे

सर्वाधिक वेळ आणि अधिकार या पायरीला मिळावेत असे माझे ठाम मत आहे, कारण येथे राहिलेली उणीव पुढे कोणतेही संगणकीय विश्लेषण भरून काढू शकत नाही. ‘पंप खराब, बदलला’ एवढीच ओळ असलेल्या जॉब कार्डावरून काहीही शिकता येत नाही. उपयोगी नोंदीत सामग्रीचा व बदललेल्या भागाचा अनुक्रमांक, त्या क्षणाचे तास किंवा किलोमीटर, बिघाड कोणाला व कोणत्या कामाच्या वेळी जाणवला, तेव्हाचे हवामान व भूभाग, लक्षण काय होते, उघडल्यावर काय दिसले, काय केले, आणि वेळेची तीन भागांत फोड असावी: दोष शोधण्यात किती गेला, हात लावून काम करण्यात किती, आणि थांबण्यात किती. लक्षण आणि कारण या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहायला लावाव्यात. ‘दाब कमी’ हे लक्षण झाले आणि ‘सीलला चीर’ ही तपासणीतली गोष्ट झाली. दोन्ही एकाच रकान्यात लिहायची सवय असेल, तर पहिला अंदाजच कारण म्हणून कायमचा नोंदला जातो.

नोंद करणाऱ्याचा वेळही जपावा लागतो. रात्री, थंडीत, तेलकट हातांनी ४० रकाने भरणे कोणालाही जमत नाही, आणि तसे सक्तीने भरून घेतले तर ‘इतर’ हा पर्यायच सर्वत्र दिसू लागतो. रकाने मोजके ठेवावेत, अनुक्रमांक स्कॅन करण्याची सोय करावी आणि मुक्त मजकुरासाठी दोन-तीन ओळी राखून ठेवाव्यात, कारण अनुभवी तंत्रज्ञाच्या त्या दोन ओळींत कितीतरी वेळा खरे उत्तर असते. त्याहून मोठा अडथळा भीतीचा असतो. बिघाड कळवणाऱ्या तुकडीच्या निष्काळजीपणाची चौकशी होणार असेल, तर बिघाड कळवलेच जात नाहीत. म्हणून सुधारणेसाठीची नोंद आणि शिस्तभंगाची चौकशी या दोन वाटा आदेशानेच वेगळ्या कराव्यात. मार्क १४ च्या कप्तानांवर त्यांच्याच नेमाचा ठपका ठेवला गेला नसता, तर जाळ्याची ती साधी चाचणी कितीतरी आधी झाली असती.

‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून दुरुस्तीच्या आगारातून परत आलेल्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांची वेगळी यादी ठेवावी. रणगाड्यात दर तासाला बंद पडणारी पेटी आगाराच्या मेजावर, स्थिर आणि खोलीच्या तापमानात, उत्तम चालते. ती पुन्हा कोठारात जाते, पुन्हा बसवली जाते आणि पुन्हा काढली जाते. अशा प्रकरणांत दोष पेटीबाहेर, म्हणजे कनेक्टरमध्ये, वायरिंग हार्नेसमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असण्याचा मोठा संभव असतो, नाहीतर तो केवळ कंपनात आणि उष्णतेत प्रकट होणारा असतो. एकाच अनुक्रमांकाची पेटी हा शेरा घेऊन तिसऱ्यांदा परत आली, तर ती वापरातून काढून कंपन व तापमान देत तपासावी. आणि एकाच वाहनातून वेगवेगळ्या पेट्या परत येत असतील, तर त्या वाहनाची वायरिंग तपासावी.

तिसरी पायरी: क्रम लावणे

सहा महिन्यांच्या नीट नोंदी हाती आल्यावर बिघाडांची यादी तीन वेळा लावावी: एकदा संख्येने, एकदा सामग्री बंद राहिलेल्या तासांनी आणि एकदा सोडाव्या लागलेल्या मोहिमांनी. तिन्ही याद्यांचा वरचा भाग सहसा वेगळा निघतो. दिव्यांचे बिघाड संख्येत पुढे असतात, पण वाहन आठवडाभर उभे राहते ते हायड्रॉलिक पंपामुळे. सुरक्षेला धोका पोचवणारे बिघाड मात्र या क्रमवारीत बसवू नयेत. ते एकदाच घडले असले तरी आधी घ्यावेत. डिसेंबर १९६९ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एका एफ-१११ लढाऊ विमानाचा पंख उड्डाणात तुटला, तेव्हा त्याचे जेमतेम १०० तासांच्या आसपास उड्डाण झाले होते. पंखाच्या बिजागरीच्या पोलादी भागात घडणीच्या वेळचाच एक दोष तपासणीतून निसटला होता. त्या एका घटनेनंतर ताफ्यातील प्रत्येक विमानाची रचना अतिथंड तापमानात भार देऊन तपासण्यात आली, आणि धातूत दोष असणारच असे गृहीत धरून रचना व तपासण्या आखण्याची पद्धत अमेरिकी हवाई दलात रुजली.

चौथी पायरी: बिघाडाचे खरे कारण गाठणे

निवडलेल्या प्रत्येक बिघाडासाठी मोडलेला भागच हाती हवा. तो धुऊ नये, तुटलेले पृष्ठभाग एकमेकांवर जुळवून पाहू नयेत, सांडलेले वंगण पुसू नये. कोरड्या पिशवीत, अनुक्रमांक व दिशा लिहून ठेवावा. तुटलेल्या पृष्ठभागावर एका बिंदूपासून पसरत गेलेल्या बारीक रेषा दिसल्या, तर वारंवार पडलेल्या ताणाने तडा वाढत गेल्याचे कळते. बेअरिंगच्या कडीवर ठरावीक अंतरावर पडलेल्या खुणा ती उभी असताना, वाहतुकीच्या कंपनाने खराब झाल्याचे सांगतात. कनेक्टरच्या पिनेवरचा काळपट थर सूक्ष्म हालचालीने झालेल्या घर्षणाचा असू शकतो. प्रयोगशाळेची गरज लागेलच, पण कोणता प्रश्न घेऊन तिकडे जायचे ते या खुणांवरून ठरते.

भाग कोणत्या वयात बिघडतो हा दुसरा पुरावा आहे. स्वीडिश अभियंता वालोदी वाइबुल यांच्या नावाने ओळखले जाणारे संख्याशास्त्रीय वितरण, म्हणजे कोणत्या वयात किती भाग बिघडतात ते मांडणारे सूत्र, ज्यावरील त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला, येथे फार उपयोगी पडते, कारण थोड्या बिघाडांवरूनही ते दिशा दाखवते. त्याचा आकार-गुणांक १ पेक्षा कमी आला तर भाग बसवल्यानंतर लवकर बिघडतात, म्हणजे दोष उत्पादनात, दुरुस्तीच्या दर्जात किंवा बसवण्याच्या पद्धतीत शोधावा. तो १ च्या आसपास असेल तर बिघाडाचा वयाशी संबंध नाही. अपघाती भार, चुकीचा वापर अशी कारणे पाहावीत. तो १ पेक्षा बराच अधिक असेल तर खरी झीज होते आहे. हिशेबात न बिघडलेल्या भागांचे तासही घ्यायचे असतात. ते वगळले की भागाचे आयुष्य आहे त्याहून बरेच कमी दिसते.

कारण एकच असते हा समज येथे सोडावा लागतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफली अडकू लागल्या तेव्हा वापरलेली काडतुसे कोठीतून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेतून, बाहेर न निघणे हा सर्वांत घातक बिघाड होता. त्यामागे काडतुसातील दारूचा बदललेला प्रकार, त्याने वाढलेला गोळीबाराचा वेग व साचणारी काजळी, क्रोमचा मुलामा नसल्याने दमट हवेत गंजणारी कोठी, साफसफाईच्या संचांची टंचाई आणि ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा पसरलेला समज, अशी साखळी होती. यांतील एकच कडी दुरुस्त करून भागले नसते. कोठीला क्रोमचा मुलामा, सुधारलेला बफर (मागे येणाऱ्या भागांचा धक्का शोषणारा भाग), साफसफाईचे संच आणि शिपायांसाठी सचित्र सूचना हे सर्व एकत्र आल्यावरच रायफल भरवशाची झाली. म्हणून प्रत्येक प्रकरणात रचना, उत्पादन, वापर, देखभाल, इंधन-वंगण-दारूगोळा आणि साठवण हे सहाही प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लेखी ठेवावीत.

पाचवी पायरी: उपाय निवडणे

उपायांचा विचार स्वस्त व झटपट उपायांपासून करावा. वापराच्या सूचनेत बदल, देखभालीच्या वेळापत्रकात बदल, साहित्य किंवा प्रक्रियेत बदल (वेगळ्या रबराचे सील, पृष्ठभागावर मुलामा, बोल्ट आवळण्याचा योग्य जोर) आणि शेवटी भागाची नवी रचना, असा तो क्रम आहे. सुरक्षेचा प्रश्न असेल तेव्हा मात्र सूचनेवर भागवू नये. जी चूक माणसाकडून होऊ शकते ती रचनेनेच अशक्य करावी.

वेळापत्रकाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण बिघाड वाढले की तपासण्या वाढवायच्या ही प्रतिक्रिया सर्वत्र आढळते आणि ती पुष्कळदा उलटते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या किनारपट्टी दलात काम करणारे शास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्या गटाने विमानांच्या अनपेक्षित दुरुस्त्या ५० तासांच्या नियमित तपासणीपासून मोजल्या. त्या तपासणीनंतर लगेच सर्वाधिक होत्या आणि पुढे घटत जात होत्या. याचा अर्थ, चांगल्या चाललेल्या यंत्रणा उघडल्यानेच काही बिघाड निर्माण होत होते. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या अभियंत्यांनी अमेरिकी संरक्षण विभागासाठी लिहिलेल्या अहवालात नागरी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला. त्यातील केवळ ११ टक्के भागांत वयाबरोबर बिघाडाचा धोका वाढताना दिसला. ६८ टक्के भागांत धोका सुरुवातीलाच अधिक होता आणि नंतर स्थिरावत होता. हे आकडे रणगाड्याला किंवा जहाजाला जसेच्या तसे लावू नयेत, कारण ट्रॅक, ब्रेक, तोफेच्या नळ्या खरोखरच झिजतात. पद्धत मात्र सर्वत्र लागू आहे. प्रत्येक नियतकालिक कामासमोर ते कोणता बिघाड रोखते, त्या बिघाडाची आगाऊ खूण दिसते का, आणि खूण दिसल्यापासून बिघाड होईपर्यंत किती वेळ मिळतो, ते लिहावे. वंगणातील धातुकण, कंपन किंवा तापमान यांची तपासणी मिळणाऱ्या वेळेच्या निम्म्या अंतराने करावी. ज्या कामासमोर काहीच लिहिता येत नाही, ते वेळापत्रकातून काढण्याचा प्रस्ताव द्यावा.

सहावी पायरी: दुरुस्ती सोपी करणे

देखभाल-सुलभता वाढवायची तर आधी एक साधा प्रयोग करावा: सर्वाधिक वेळा होणाऱ्या दहा दुरुस्त्यांचे चित्रण करून प्रत्येक मिनिट कशात गेले ते लिहावे. भाग बदलण्याला वीस मिनिटे आणि त्याच्यापर्यंत पोचण्याला तीन तास, असे चित्र पुष्कळदा समोर येते. मग उपायही पोचण्याच्या वाटेवरच करायचे असतात: झाकणाला नऊ वेगवेगळ्या बोल्टांऐवजी एकाच मापाचे चार, झाकण उघडले तरी निसटून न पडणारे स्क्रू, फिल्टर बाहेरच्या बाजूला आणणे, लवचिक नळीला (होजला) पुरेशी ढील, आणि उलटा बसूच न शकणारा कनेक्टर. प्रयोग थंडीच्या जाड हातमोज्यांत, रात्रीच्या अंधुक प्रकाशात आणि रासायनिक संरक्षणाच्या पोशाखातही करावा. उजेडाच्या कार्यशाळेत मोजलेला वेळ मैदानात टिकत नाही.

दुरुस्तीनंतर लागणारे जुळवणीचे काम पूर्णपणे काढून टाकता आले, तर त्यासारखी सुधारणा नाही. ब्राउनिंग एम-२ या जड मशीनगनमध्ये दर वेळी नळी बदलल्यावर शिपायाला पट्टीने मोजून नळी व बोल्टमधले अंतर आणि गोळी सुटण्याची वेळ जुळवावी लागे, आणि ती जुळवणी चुकली तर स्फोट होऊन इजा होण्याचा धोका असे. १९३३ पासून प्रचलित असलेल्या या शस्त्राच्या एम-२ए१ या सुधारित रूपात हे अंतर आणि वेळ कायमची ठरवून दिली आहे, आणि नळी झटकन बदलता येते. मूळ शस्त्र तेच राहिले. वेळ वाचला आणि धोकाही गेला.

अंगभूत तपासणी-यंत्रणा, म्हणजे सामग्रीने स्वतःच आपला दोष दाखवण्याची सोय, तिच्या खोट्या इशाऱ्यांच्या प्रमाणावर जोखावी. ती खोटे इशारे देत असेल तर लोक तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, आणि मग खरा इशाराही वाया जातो.

सातवी पायरी: सिद्ध करणे आणि सर्वत्र पोचवणे

बदल आधी काही थोड्या सामग्रीवर, शक्यतो दोन वेगळ्या हवामानांत, बसवावा आणि त्याच तुकड्यांतील न बदललेल्या सामग्रीशी तुलना करावी. किती तास पुरेसे हे आधीच ठरवावे. यादृच्छिक बिघाडांसाठी हिशेब असा आहे: दोन बिघाडांमधला काळ २०० तासांहून कमी नाही असे ९० टक्के खात्रीने म्हणायचे असेल, तर एकही बिघाड न होता सुमारे ४६० तास चालवावे लागते, आणि एक बिघाड झाला तर एकूण सुमारे ७८० तास. ‘महिनाभर काही तक्रार नाही’ हा पुरावा नव्हे. एक दोष गेल्यावर त्याखालचा दुसरा दिसतो का, याकडेही या काळात मुद्दाम लक्ष ठेवावे. मार्क १४ मध्ये तसे दोनदा घडले.

मंजुरीनंतर पाच गोष्टी एकाच तारखेला बांधाव्यात: सुधारित भागाचा नवा क्रमांक, तांत्रिक पुस्तिकेची बदललेली पाने, तंत्रज्ञांचे प्रशिक्षण, लागणारी हत्यारे, आणि कोठारांतील जुने भाग परत मागवणे. शेवटची गोष्ट राहिली तर सुधारलेल्या सामग्रीत पुढच्या दुरुस्तीला जुनाच भाग बसतो आणि नोंदींत बदल अपयशी ठरल्यासारखा दिसतो. कोणत्या अनुक्रमांकाच्या सामग्रीत कोणता बदल झाला आहे याचे रजिस्टर अद्ययावत असावे. उत्पादन थांबलेल्या भागांची, विशेषतः इलेक्ट्रॉनिक घटकांची, यादी दरवर्षी तपासावी, म्हणजे अखेरची मोठी खरेदी करायची की पर्यायी घटकासाठी नवी सर्किट-पट्टी तयार करायची, हे कारखाना बंद होण्याआधी ठरवता येते.

प्रकरण बंद करण्याचा अधिकार उपाय सुचवणाऱ्या कार्यालयाकडे ठेवू नये. शेवटच्या सामग्रीत बदल बसल्यानंतर सहा महिन्यांनी नोंदी पुन्हा काढाव्यात, आणि ज्या तुकडीने पहिला अहवाल पाठवला होता तिच्या तंत्रज्ञाला प्रकरणाचा क्रमांक, सापडलेले कारण आणि केलेला बदल लेखी कळवून, बिघाड खरोखर थांबला का हे विचारावे. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर मोडलेला नवा भाग मागवून घ्यावा आणि चौथ्या पायरीपासून काम पुन्हा सुरू करावे.